खुलासा : ‘भारतीय मुले सर्वाधिक लबाड’ हा संदेश चुकीचा आहे

‘घातक सर्जनशीलता’ (म्हणजे इतरांना त्रास देण्यासाठी वापरलेली कल्पकता) मोजणाऱ्या चाचणीत भारतीय मुले सर्वाधिक लबाड ठरली, असा संदेश नाशिकच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरत आहे. मानसशास्त्र शिकवताना मी ही मापनश्रेणी मुळातून वाचली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या श्रेणीत १३ विधाने असून इजा करणे, खोटे बोलणे आणि खोड्या काढणे यांसाठी आपण नव्या युक्त्या किती वेळा योजतो, हे उत्तर देणारा स्वतःच नोंदवतो. एका समाजात खोडी सहज कबूल केली जाते, तर दुसरीकडे ती लपवली जाते. म्हणूनच विधानांचा अर्थ सर्वत्र सारखाच लागतो हे सांख्यिकीय कसोटीवर सिद्ध झाल्याशिवाय देशांची क्रमवारी लावता येत नाही. कल्पक मुलांकडे संशयाने पाहायला लावणारा हा संदेश, कळकळीची विनंती, कृपया पुढे पाठवू नये.