इन्सुलिनने स्वादुपिंड ‘आळशी’ होत नाही

‘एकदा इन्सुलिन सुरू केलं की स्वादुपिंड आळशी होतं. मग सुई जन्मभर सुटत नाही, शेवटी पाय कापायची वेळ येते. त्यापेक्षा कारल्याचा रस घ्या आणि स्वादुपिंडाला कामाला लावा.’ हा मेसेज माझ्या आत्याला भजनी मंडळातून आला. त्यानंतर डॉक्टरांनी लिहून दिलेलं इन्सुलिनचं पेन चार महिने फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागे, सील न फोडता पडून होतं. उपाशीपोटीची शुगर तेव्हा तीनशेच्या घरात. म्हणून यातलं एकेक वाक्य घेऊन उत्तर देते आहे.

आधी ‘आळशी’चं बघू. इन्सुलिन बनवतात स्वादुपिंडातल्या बीटा पेशी. जेवणानंतर साखर चढली की एकेक पेशी मिनिटाला दहा लाखांपर्यंत कच्च्या इन्सुलिनचे रेणू तयार करू शकते. नुसते तयार करून भागत नाही. प्रत्येकाची घडी नीट बसावी लागते, गंधकाचे तीन टाके नेमक्या जागी पडावे लागतात. पेशीच्या आतल्या ज्या जाळीला शाळेत आपण आंतर्द्रव्यजालिका म्हणून शिकलो, तिथे हे काम चालतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की मागणी वाढते, घड्या चुकतात, चुकलेला माल साचतो. पेशी आधी सावरायला बघते: नवं काम थोपवते, घडी घालणाऱ्या प्रथिनांची कुमक वाढवते, बिघडलेलं मोडीत काढते. ताण उतरलाच नाही, तर हीच यंत्रणा शेवटी पेशीला मरणाकडे ढकलते. अशी पेशी राबून राबून मेलेली असते. तिला आळशी म्हणणं मला सहन होत नाही.

‘थोपवणं’ किती मोलाचं आहे बघा. ते काम पर्क नावाचं प्रथिन करतं. त्याचं जनुक जन्मतःच बिघडलेलं असेल तर वॉलकॉट-रॅलिसन सिंड्रोम होतो आणि बहुधा पहिल्या काही महिन्यांतच बाळाला मधुमेह जडतो. तिथे ना गोड खाणं, ना लठ्ठपणा. पेशीला हात आखडता घेता येत नाही, एवढंच. बाहेरून इन्सुलिन मिळालं की साखर उतरते आणि उरलेल्या पेशींना उसंत मिळते.

‘सुई सुटत नाही.’ चीनमध्ये नुकतंच टाइप २ मधुमेहाचं (शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं तो) निदान झालेल्या ३८२ जणांवरचा अभ्यास २००८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. कुणाला पंपाने इन्सुलिन, कुणाला इंजेक्शनने, तर कुणाला गोळ्या दिल्या. साखर ताब्यात आल्यावर दोन आठवड्यांनी सगळं औषध थांबवलं. वर्षानंतरही औषधाविना साखर ताब्यात होती, अशांचं प्रमाण इन्सुलिन पंपवाल्यांत ५१ टक्के, इंजेक्शनवाल्यांत ४५ आणि गोळ्यावाल्यांत २७ टक्के. अनेकांची सुई सुटत नाही, हेही खरं. पण ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मधुमेहावरच्या अभ्यासात निदानाच्या वेळीच बीटा पेशींची क्षमता निम्म्यावर आलेली दिसली, आणि गोळ्या चालू असूनही ती पुढे घटत गेली. सुई लागते ती त्यामुळे. इन्सुलिनने वजन वाढू शकतं, डोस चुकला तर साखर एकदम उतरते. सांगायला हवं ते हे, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाही.

पाय कापावा लागतो तो वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेने नसा आणि रक्तवाहिन्या खराब झाल्यामुळे. इन्सुलिन बऱ्याचदा उशिरा सुरू होतं, म्हणून दोष त्याच्या माथी येतो.

कारल्याचा रस कुणी आवडीने प्यायला तर माझी ना नाही. पण ‘कामाला लावा’ म्हणजे दमून बसलेल्या बैलाला पराणी टोचणं. भार खरोखर हलका होतो तो वजन उतरवून. ब्रिटनमधल्याच ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासात मधुमेह होऊन सहा वर्षं न उलटलेले, इन्सुलिन न घेणारे लोक होते. त्यांच्यापैकी ज्यांनी वर्षभरात १५ किलो किंवा जास्त वजन घटवलं, त्यांच्यातल्या ८६ टक्के जणांची साखर औषधाविना ताब्यात आली.

मला सगळ्यात भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कोणता मधुमेह, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी मारते. अशा मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर रक्तात आम्ल साचून काही दिवसांत जीव जाऊ शकतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगतच नसत. आज ज्या घरात असं मूल आहे, तिथल्या आईच्या फोनवरही हाच मेसेज येतो.