पुस्तक आडवं गेलं तर

मालक, घरात पुस्तक आहे का? बँकेचं पासबुक, गॅसचं कार्ड आणि दाते पंचांग सोडून विचारतोय. पंचांग आपल्याच सोलापुरात निघतं, त्याची भीती नाही. ते वाचून माणूस बदलत नाही, फार तर मुहूर्त बदलतो. मी म्हणतो ते दुसऱ्या जातीचं पुस्तक. मांजर आडवं गेलं तर चार पावलं मागं येऊन पुन्हा निघता येतं. पुस्तक आडवं गेलं तर जायचा रस्ताच बदलतो, म्हणून हा सल्ला: ते घरात शिरू देऊ नका.

सल्ल्याला परंपरा आहे. पुण्यात गोविंदराव फुले यांचा फुलांचा धंदा होता. धाकटा मुलगा शाळेत हुशार निघाला, तेव्हा दुकानातल्या एका कारकुनानं वेळेवर त्यांच्या कानात सांगितलं की पोरगं शिकलं की शेतीच्या कामाचं राहत नाही. बापानं ऐकलं, मुलाला शाळेतून काढून मळ्यात लावलं. सगळं सुरळीत चाललं होतं. पण शेजारी गप्प बसतात होय? गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी बापाचं मन वळवलं, जोतिबा पुन्हा शाळेत गेले आणि 1847 च्या सुमारास थॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. 1848 ला मुलींची शाळा सुरू. एका वर्षात, मालक! आमच्या गल्लीतली गटार एका वर्षात उघडून पुन्हा झाकता आलेली नाही.

तो कारकून माझा आदर्श आहे. पुस्तकाचा धोका त्याच्याइतका लवकर कुणी ओळखला नसेल.

बाकीच्यांनी ओळखला, पण उपाय चुकले. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. त्या तरल्या असं वारकरी सांगतात. नसत्या तरल्या तरी काय फरक पडणार होता? अभंग लोकांच्या तोंडात होते, आणि तोंडं नदीत टाकता येत नाहीत. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं तर कमालच केली. 1936 मध्ये डॉ. आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, छापलेलं भाषण आधीच वाचून पाहिलं, आणि घाबरून अधिवेशनच होऊ दिलं नाही. बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चानं भाषणाच्या 1500 प्रती काढल्या, आणि लोक ते अजून वाचतात. त्या मंडळात आपल्याकडचा एखादा मुरलेला कार्यकर्ता असता तर म्हणाला असता, "होऊ दे की बे भाषण!" दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, परिचय देणाऱ्याचा परिचय, मग भाषण, टाळ्या, आभार, चहा. लोक रिक्षा शोधत घरी गेले असते आणि भाषण तिथंच संपलं असतं.

तर पहिला नियम असा, की पुस्तकाला विरोध करू नका, त्याचा सत्कार करा. पालखीत बसवलेलं पुस्तक कुणाला उघडता येत नाही, म्हणून ग्रंथदिंडीला पर्याय नाही. 2006 ला आपल्याकडं साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष आपल्याच गावचे, मारुती चितमपल्ली. अर्धं आयुष्य जंगलात घालवून पाखरांची न् झाडांची नावं गोळा केलेला माणूस. गाव त्यांच्यावर खूश होतं. आणि सिद्धेश्वर तलावावर येणाऱ्या पक्ष्यांचे आपण आजही दोनच प्रकार मानतो: बगळा, आणि बगळ्यासारखा दुसरा.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी 12 जानेवारीला हार घालता ना? घाला. फक्त त्यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे, हे पोरांना सांगू नका. फाशी गेले एवढं पुरे. फाशी गेलेला माणूस पूजता येतो, लिहिणारा माणूस वाचावा लागतो. जयंती कुणाचीही असो, डीजेचा आवाज एवढा ठेवा की तीन गल्ल्यांत कुणाला सलग दोन ओळी वाचता येऊ नयेत. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. आपण स्पीकरला जागा करतो.

दुसरा उपाय 'बुके नको, बुक द्या'. याला काही जण घाबरतात, विनाकारण. मी एका वास्तुशांतीला एक कादंबरी दिली होती. तीन वर्षांनी एका निरोप समारंभात मला टॉवेल, नारळ आणि तीच कादंबरी मिळाली. सतराव्या पानात मी विसरलेलं अक्कलकोटच्या एसटीचं तिकीट होतं तसंच होतं. मधल्या काळात ते पुस्तक किती घरं फिरलं असेल देव जाणे, पण एकाही घराचं नुकसान झालं नाही.

आता खरा जोखमीचा विषय, विडी. 1865 मध्ये क्यूबात, हवानाच्या सिगार कारखान्यात कामगारांनी एक खूळ काढलं. आपण वळत बसायचं आणि एकानं उंचावर बसून वर्तमानपत्रं, पुस्तकं मोठ्यानं वाचायची. त्याचा पगार कामगारच आपल्या मजुरीतून द्यायचे. हात तंबाखूत, कान पुस्तकात! पुढच्याच वर्षी सरकारनं त्यावर बंदी घातली. माणसाला अक्षरओळख नसली तरी पुस्तक कानातून आत शिरतं, हे सरकारला कळलं होतं. आता विचार करा, आपल्या पूर्व भागात घरोघरी बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. हजार विड्या वळायच्या म्हणजे दिवस जातो, आणि तेवढा वेळ कान मोकळे. हे खूळ इकडं आलं असतं, एखादी शिकलेली पोरगी मराठीतून न् तेलुगूतून वाचायला बसली असती, आणि वाचता वाचता मजुरीच्या हिशेबाचं पान निघालं असतं तर? पण देव पावला, टीव्ही आला. मालिकेतली सून आठशे भाग एकाच स्वयंपाकघरात रडते आणि विडीचा भाव कुणी विचारत नाही.

वाचनालयांचं मात्र मला कौतुक वाटतं. माझ्या माहितीतल्या एका वाचनालयात कपाटांना कुलपं आहेत आणि किल्ली ज्यांच्याकडं आहे ते मुलाकडं पुण्याला असतात. बाकी जागेत अभ्यासिका. पोरं सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत पुस्तकात डोकं घालून बसतात. घाबरू नका, ती स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. त्यांच्या शेवटी उत्तरं दिलेली असतात, त्यामुळं कुणाला नवा प्रश्न पडत नाही.

एवढी काळजी घेऊनही माझ्याच घरात घात झाला, तेवढं सांगतो. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेही रात्री-अपरात्री. त्या रात्री दोन वाजता नळाला पाणी आलं. मोटार लावून पिंपाजवळ पुतणीला बसवलं. म्हटलं, मोबाईल आहे हातात, झोप लागणार नाही. अर्ध्या तासानं जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. पिंप भरून वाहत होतं, अंगण ओलांडून पाणी गल्लीत गेलं होतं. सोलापुरात, मालक, पाणी वाहून चाललं होतं! आणि ही बया दिव्याखाली पायरीवर बसलेली, पाय पाण्यात, मांडीवर पुस्तक.

"काय वाचलालीस गं एवढं?"

"फुल्यांचं चरित्र." तिनं मान वर केली नाही. पान मागं उलटलं, पुन्हा पुढं आली. "काका, शाळेतून काढा म्हणून सांगणाऱ्या त्या कारकुनाचं नाव काय हो? यात कुठंच दिलेलं नाही."

मी मोटार बंद करायला पळालो.