"दहा सिटिंगमध्ये डिमेन्शिया बरा" हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

सध्या सोसायटीच्या ग्रुपपासून माहेरच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे एक मेसेज फिरतोय. डोक्याला मशीन लावून दहा सिटिंग घेतल्या की विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांचं रडणं, चिडचिड, गप्प बसणं थांबतं, आठवणी परत येतात, गोळ्या बंद होतात, साइड इफेक्ट शून्य, अमेरिकेत मान्यता. माझ्या सासूबाईंना डिमेन्शिया आहे म्हणून मलाही तो बऱ्याच जणांनी अगदी मायेने पाठवला. पाठवणाऱ्यांवर राग नाही, पण हे वाचून कुणीतरी उद्या आईच्या गोळ्या बंद करेल ही मला खरी भीती आहे.

अमेरिकेत मान्यता? आहे, पण कशाला ते बघा. मेसेजमधलं मशीन म्हणजे आरटीएमएस, चुंबकाच्या झटपट पल्सने मेंदूला चालना देणारं. त्याला एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २००८ साली मान्यता दिली ती डिप्रेशनसाठी, आणि तीही गोळ्यांनी गुण न आलेल्यांसाठी. डिमेन्शियासाठी नाही.

मेसेजखाली कुणीतरी लगेच लिहितंच, "अहो हे शॉकच आहेत, नका देऊ." हेही चूक. शॉक ट्रीटमेंटमध्ये भूल देऊन मुद्दाम फिट आणतात. इथे माणूस जागा असतो, खुर्चीत बसलेला, कानात इअरप्लग, डोक्याला कॉइल टेकवलेली आणि टकटक आवाज. आधी मेंदूतलं हात हलवणारं केंद्र डोक्यावर कुठे येतं ते शोधतात, पल्स दिला की अंगठा आपोआप हलतो, आणि अंगठा जेमतेम हलेल तेवढा जोर म्हणजे त्या माणसाचं माप. मग कॉइल पुढे सरकवून बहुतेक वेळा कपाळाच्या वर डाव्या बाजूला आणतात. आता खरी अडचण ऐका. वयाने आणि आजाराने मेंदू आकसतो, कवटी आणि मेंदू यातलं अंतर वाढतं, आणि चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार पटकन कमी होतो. पुढचा भाग जास्त आकसला असेल तर हातावरून घेतलेलं माप तिथे कमी पडू शकतं. म्हणून चाळिशीतल्या माणसाला डिप्रेशनमध्ये गुण आला म्हणजे पंचाहत्तरीच्या आजींना तसाच येईल असं धरून चालता येत नाही.

"दहा सिटिंग" हा आकडा तर कुठून आला कोण जाणे. डिप्रेशनचा नेहमीचा कोर्स आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे. म्हणजे डोंबिवलीहून परळला रोज, आणि डिमेन्शियाच्या बऱ्याच माणसांचा गोंधळ संध्याकाळी वाढतो, नेमकी तेव्हाच परतीची गर्दी. घरातलं कोण रजा काढणार हा प्रश्न मेसेजमध्ये नसतोच.

रडणं आणि गप्प बसणं एकाच पिशवीत घातलंय ते मला सगळ्यात जास्त खटकलं. आमच्या सासूबाई रडत नाहीत, दुःखी पण दिसत नाहीत, मेथीची जुडी समोर ठेवली तर हातच लागत नाही, पण मी शेजारी बसून एक काडी त्यांच्या हातात दिली की पुढची अर्धी जुडी त्या स्वतः निवडतात. ही उदासी नाही, सुरुवात करायची ऊर्मीच गेलीये, डॉक्टर याला अ‍ॅपथी म्हणतात. डिप्रेशन वेगळं, त्याचा उपाय वेगळा. दोन्हींवर आरटीएमएसचे अभ्यास झालेत, काहींत फरक दिसलाय, पण बरेचसे अभ्यास छोटे, प्रत्येकाची पद्धत वेगळी, आणि गुण किती टिकतो ते अजून पक्कं नाही. आठवणी परत येण्याचं म्हणाल तर मेलेल्या पेशी कुठलंच मशीन जिवंत करत नाही.

तरी आशा का लावावीशी वाटते ते मला कळतं. गोळ्यांचंही फार चांगलं नाही. २०११ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात अल्झायमरसोबतच्या डिप्रेशनवर सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन या डिप्रेशनच्या दोन्ही गोळ्या औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. म्हणूनच डॉक्टर नवीन वाटा शोधतायत आणि त्यांनी शोधाव्यातच. पण म्हणून चालू गोळी आपल्या मनाने एकदम थांबवायची नाही, त्रास उलट वाढू शकतो.

"साइड इफेक्ट शून्य" पण खोटं. डोकं दुखणं, टाळू दुखणं नेहमीचं, फिट अगदी क्वचित पण येऊ शकते. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), मेंदूतली धातूची क्लिप, आधी कधी आलेली फिट हे आजी स्वतः सांगू शकणार नाहीत, ते घरच्यांनीच सांगायचं. आणि ऑनलाइन मिळणारे डोक्याला करंट देणारे पट्टे घरी लावू नका, कातडी भाजू शकते.

मशीनच्या आधी थायरॉइड, बी-१२, लघवीचं इन्फेक्शन, ऐकू येतं का, कुठे दुखतंय का हे तपासून घ्या, यातल्या कशानेही म्हातारं माणूस चिडचिडं किंवा गप्प होतं. मुंबईत केईएम, नायर, सायनला मानसोपचाराची ओपीडी आहे, जाणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.