पोस्टाचं मत, पॅटरसन आणि काकांची प्रतिक्रिया

(हे पत्र ३ नोव्हेंबर २०२० च्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीआधी, कोरोनाच्या काळात, न्यू जर्सी राज्यातल्या मतदानाबद्दल लिहिलेलं; यातले नियम त्या वेळचे.)

काका, नमस्कार. उत्तराला उशीर झाला, पण तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत की नुसतं 'धन्यवाद' टाकून मोकळं व्हावंसं वाटेना. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की 'मत घरी भरा आणि ड्रॉप बॉक्सला टाका' (म्हणजे मतपत्रिकेची पाकिटं टाकायच्या सरकारी पेटीत) असं सांगून मी लोकांना घाबरवतेय, कॉस्टकोला सामान आणायला जातो तसं मत द्यायलाही जाता येतं, तिकडे बिहारमध्ये करोडो लोक केंद्रावर जाणारेत, आणि पोस्टाचं मत म्हणजे घोटाळ्याला आमंत्रण, न्यू जर्सीतल्या पॅटरसन शहरात काय झालं ते विसरलात का?

पॅटरसन विसरलेले नाही, तिथूनच सुरू करते. तिथल्या नगर परिषदेची १२ मे २०२० ची ती निवडणूक कोरोनामुळे पूर्ण पोस्टाने झाली आणि पाचातलं जवळपास एक मत बाद झालं, हे खरंच आहे. पण कशामुळे झालं ते बघा ना. बऱ्याच मतांवरची सही जुळली नाही, काही पाकिटं दुसऱ्याने आणून टाकली पण आणणाऱ्याची माहितीच भरलेली नव्हती, आणि शेकडो पाकिटं एकाच पोस्टाच्या पेटीत सापडली तेव्हा पोस्टवाल्यांनीच ते सरकारच्या कानावर घातलं, जूनमध्ये चौघांवर गुन्हे दाखल झाले, एका वॉर्डाची निवडणूक पुन्हा घ्यायचा कोर्टाचा हुकूम झाला. म्हणजे जे बिघडलं ते मतदाराच्या हातातून पाकीट सुटल्यावर आणि सहीच्या जागी. मग यावर उपाय पोस्टाचं मत बंद करणं हा कसा काय? आपलं पाकीट अनोळखी माणसाच्या हातात द्यायचंच नाही, दारावर कोणी कितीही गोड बोलून 'द्या, मी टाकतो' म्हणाला तरी, हा उपाय आहे. उमेदवाराला तर कायद्यानेच दुसऱ्याचं पाकीट नेता येत नाही.

आता केंद्रावर जायचं म्हणता, तर या वर्षी, २०२० मध्ये, न्यू जर्सीत केंद्रावर गेलात तरी मशीनवर मत देता येणार नाहीये (अपंग मतदारांची सोय वेगळी आहे). तिथेही कागदी प्रोव्हिजनल बॅलटच (तात्पुरती मतपत्रिका, तपासून मगच धरली जाणारी) मिळणार आणि त्याची मोजणी नंतर. आपल्या राज्याचे गव्हर्नर मर्फी यांच्या ऑगस्ट २०२० मधल्या आदेशाने केंद्रंही कमी झालीयेत. म्हणजे रांगेत उभं राहायचं आणि शेवटी पाकीटच द्यायचं. रांगेचं म्हणाल तर एप्रिल २०२० मधली विस्कॉन्सिन राज्यातली निवडणूक आठवा, तिथल्या मिलवॉकी शहरात एरवीच्या साधारण १८० केंद्रांपैकी फक्त ५ उघडली, कारण केंद्रावर काम करायला माणसंच मिळेनात, ती माणसं बहुतेक साठी-सत्तरीची असतात, त्यांनी जीव धोक्यात का घालावा? दुकानात जायचं तर माणूस गर्दी बघून उद्या जाऊ म्हणू शकतो, मतदानाच्या दिवशी तसं म्हणता येत नाही. आणि बिहारमध्येही २०२० च्या या निवडणुकीत ८० वर्षांवरच्यांना, अपंगांना आणि कोविडच्या पेशंट्सना पोस्टल बॅलटची सोय दिलीच आहे की, शिवाय एका केंद्रावर जास्तीत जास्त १००० मतदार ठेवलेत. म्हणजे तिथेही गर्दी कमी करण्यासाठीच सगळा आटापिटा चाललाय.

आमच्याकडे सासूबाईंना डायबेटिस आहे, त्यांचं बॅलट आम्ही जेवणाच्या टेबलावर भरलं. गोल काळे करायला त्यांना वेळ लागला नाही, अडलं ते सहीला. नोंदणी केली तेव्हा त्यांची सही मोकळी, लांबलचक होती, आता हात थरथरतो आणि 'ळ' अर्धाच उमटतो. काउंटीवाले (आपल्या जिल्ह्यासारखा भाग, तिथलं निवडणूक कार्यालय) जुन्या सहीशी ताडून बघतात म्हणून त्यांनी आधी कोऱ्या कागदावर सही करून बघितली आणि मग सर्टिफिकेटवर, म्हणजे पाकिटाला जोडलेल्या सहीच्या कागदावर, केली. इथेच लोक चुकतात काका. ते सर्टिफिकेट आतल्या पाकिटाला जोडलेलंच राहायला हवं, पावती समजून फाडलं तर मत बाद होऊ शकतं. आणि एवढं करून सही जुळलीच नाही तर ऑगस्ट २०२० मध्ये झालेल्या कायद्याप्रमाणे काउंटीने तुम्हाला कळवायचं आणि दुरुस्त करायची संधी द्यायची, मे महिन्यात पॅटरसनच्या लोकांना हे मिळालं नव्हतं. मला तरी हा बदल सगळ्यात मोठा वाटतो, याच्याबद्दल कोणी बोलतच नाहीये.

पाकिटातून विषाणू येईल का असंही विचारलंत. आजार मुख्यत्वे जवळच्या माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून पसरतो, टपालाची भीती त्या मानाने फारच कमी. पाकीट जिभेने चिकटवू नका, ओला स्पंज फिरवा, नंतर हात धुवा, बास.

टाकायचं कुठे, तर मी ड्रॉप बॉक्सच म्हणेन. प्रत्येक काउंटीत कमीत कमी १० आहेत, कॅमेऱ्याखाली आहेत, ३ नोव्हेंबरला रात्री ८ पर्यंत चालतात, आणि गाडीतून उतरून परत बसेपर्यंत कोणाच्या जवळ जावं लागत नाही. पोस्टानेच पाठवायचं असेल तर तिकीट लावावं लागत नाही, पण निदान एक आठवडा आधी टाका. ३ तारखेपर्यंतचा शिक्का असेल तर या वेळी १० नोव्हेंबरपर्यंत पोचलेलं मोजणार आहेत, पण या उन्हाळ्यात पोस्टाचे जे हाल झालेत ते बघता मी शेवटच्या दिवसावर भरवसा ठेवणार नाही. टाकल्यावर राज्याच्या वेबसाइटवर आपलं पाकीट पोचलं का तेही बघता येतं.

आणि काकूंचं पाकीट तुम्ही नेणार असाल तर बाहेरच्या पाकिटावर 'बेअरर'ची, म्हणजे दुसऱ्याचं पाकीट नेणाऱ्याची, जागा आहे, तिथे तुमचं नाव, पत्ता आणि सही काकूंसमोरच घाला.