‘स्वतःचेच रक्त, मग धोका कसला?’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच संदेश माझ्याकडे चार गटांतून येऊन पोहोचला: सोसायटीच्या, माहेरच्या, भिशीच्या आणि जुन्या सहकाऱ्यांच्या. त्यातील दावे थोडक्यात असे. डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि सुरकुत्या आता एका सुईत कायमच्या जातात. स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट्स किंवा सॅल्मन माशाचा डीएनए त्वचेत सोडला की नवी त्वचा तयार होते. सारे नैसर्गिक असल्यामुळे दुष्परिणाम शून्य आणि फिलरसारखे (म्हणजे खळगे भरणाऱ्या इंजेक्शनांसारखे) धोकेही नाहीत. यानंतर सनस्क्रीन, क्रीम कशाचीच गरज उरत नाही. आणि हे चांगल्या पार्लरमध्येही करून मिळते. शेवटी अर्थातच दहा जणींना पाठवण्याचा आग्रह.

मी डॉक्टर नाही. नागपूरच्या धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये 26 वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम केले, त्यामुळे रक्त आणि ते वेगाने फिरवून त्याचे घटक वेगळे करणारे यंत्र, म्हणजे सेंट्रिफ्यूज, या दोन गोष्टींविषयी चार शब्द हक्काने लिहू शकते. या उपचारांत काहीच तथ्य नाही, असे माझे म्हणणे नाही. तक्रार ही आहे की संदेशाने चार-पाच अगदी निरनिराळे पदार्थ ‘स्किन बूस्टर’ या एकाच नावाखाली कोंबले आहेत आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर खपवले आहेत.

सर्वांत जास्त मोहात पाडणाऱ्या दाव्यापासून सुरुवात करते: ‘स्वतःचेच रक्त, म्हणून शुद्ध आणि परिणामकारक.’ प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे पीआरपी, करताना साधारण 10 ते 20 मिलिलिटर रक्त काढून ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. थांबल्यावर नळीत तीन थर दिसतात: तळाशी लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधे कागदाच्या कडेएवढा पांढुरका थर. प्लेटलेट्स प्रामुख्याने त्या थराच्या आसपास आणि प्लाझ्माच्या खालच्या भागात असतात. पहिल्याच फेरीत यंत्र गरजेपेक्षा जोरात फिरवले तर प्लेटलेट्सही लाल पेशींबरोबर खाली बसतात आणि वर उरतो तो सुंदर, पारदर्शक, सोनेरी, पण प्लेटलेट्स नावापुरत्याच असलेला द्रव. सिरिंजमध्ये भरल्यावर तो खऱ्या पीआरपीपेक्षा अधिक स्वच्छ दिसतो, म्हणून रंगावरून काहीही ठरवता येत नाही. दर मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा सांगूनही भागत नाही, कारण यंत्राची त्रिज्या बदलली की तेवढ्याच फेऱ्यांतून निर्माण होणारे बल बदलते.

निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात आणि पीआरपीमध्ये त्या दहा लाखांच्या घरात असाव्यात, असा एक रूढ निकष आहे. पावसाळ्यानंतर डेंग्यूतून नुकत्याच उठलेल्या बाईचे आणि तिच्या धडधाकट जावेचे रक्त एकाच यंत्रात फिरवले तर दोघींच्या सिरिंजमध्ये सारखेच औषध कसे येईल? पेशी मोजणाऱ्या यंत्रावर एक थेंब मोजला की उत्तर मिळते; पण आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घेणे आणि नंतर तयार पीआरपीतील प्लेटलेट्स मोजणे, या दोन्ही गोष्टी करणारे दवाखाने माझ्या पाहण्यात थोडेच आले.

आता परिणामाविषयी. 2018 मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी एक लहान पण नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येक व्यक्तीच्या एका गालात पीआरपी आणि दुसऱ्या गालात नुसते सलाईन टोचले आणि कोणत्या गालात काय आहे हे तपासणाऱ्यांना सांगितले नाही. सहा महिन्यांनी छायाचित्रे पाहणाऱ्या तज्ज्ञांना दोन्ही बाजूंत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र स्वतः त्या व्यक्तींना पीआरपीच्या बाजूचा पोत अधिक सुधारलेला वाटला. संदेश लिहिणारा यातले दुसरे वाक्य उचलील, टीकाकार पहिले. प्रयोग एकाच बैठकीचा होता, तर प्रत्यक्षात महिन्याच्या अंतराने तीन बैठकी देण्याचा प्रघात आहे, हेही ध्यानात घ्यायला हवे. मला यातून एवढेच कळते की फरक पडलाच तर तो पोताचा, हळूहळू येणारा आणि पुन्हा पुन्हा टिकवावा लागणारा आहे. ‘एका सुईत कायमचे’ हे शब्द त्यात कुठे बसतात, ते संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

‘दुष्परिणाम शून्य’ हा दावा तर सरळ चुकीचा आहे. डोळ्यांभोवतीच्या रक्तवाहिन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. सुई चुकून वाहिनीत गेली आणि द्रव दाबाने उलट्या दिशेने ढकलला गेला तर दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. फिलरमुळे असे अंधत्व आल्याच्या नोंदी जगभर आहेत, म्हणूनच संदेशाने ‘फिलरसारखे धोके नाहीत’ असे लिहिले असावे. परंतु डोळ्याजवळ पीआरपी टोचल्यानंतर कायमचे अंधत्व आल्याची नोंदही 2017 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली आहे. असे प्रकार दुर्मीळ आहेत, हे मान्य. पण दुर्मीळ आणि शून्य यांत फरक आहे, आणि हा धोका रक्त कोणाचे यावर नव्हे, तर सुईचे टोक कुठे आहे यावर अवलंबून असतो.

शिवाय रक्त खरोखर स्वतःचेच आहे, याची हमी कोण देतो? अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात ‘व्हँपायर फेशियल’ (चेहऱ्यावर बारीक सुयांनी पीआरपी सोडण्याचा प्रकार) करणारा एक विनापरवाना स्पा 2018 मध्ये बंद करण्यात आला, कारण तपासणीत रक्तातून संसर्ग पसरू शकेल अशा पद्धती आढळल्या; तिथे गेलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचेही उघडकीस आले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी तपासणीच्या वृत्तान्तात तिथल्या स्वयंपाकघराचे वर्णन आहे: ओट्यावर नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या आणि फ्रिजमध्ये खाद्यपदार्थांशेजारी आणखी नळ्या. आमच्या लॅबमध्ये नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली जायची: सुई टोचल्या जागी, रुग्णासमोरच नळीवर नाव लिहायचे, टेबलाशी परत येऊन नाही. ज्या खोलीत नावाविना नळी दिसेल, तिथे ‘स्वतःचे रक्त’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

सॅल्मनच्या डीएनएविषयी आमच्या माहेरच्या गटात फार गमतीशीर चर्चा झाली. एका वहिनींना वाटले की माशाचे गुण आपल्यात उतरतील, तर एका शाकाहारी मावशींनी ते बाटवणारे ठरवले. पॉलिन्यूक्लिओटाइड म्हणून ओळखले जाणारे हे द्रव्य सॅल्मन किंवा ट्राऊट माशाच्या शुक्रपेशींतून काढून शुद्ध केलेले डीएनएचे तुकडे असते. हे तुकडे आपल्या जनुकांत मिसळत नाहीत. ते पेशींवरील काही ग्राहकांना (संदेश टिपणाऱ्या रिसेप्टर्सना) चेतवतात, पेशींना दुरुस्तीसाठी कच्चा माल पुरवतात आणि ओलावा धरून ठेवतात, अशी त्यांच्या कार्याची मांडणी आहे. कोरियात त्यांचा वापर बराच आहे आणि डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्यांबाबत काही अभ्यास आशादायक आहेत, पण ‘नवी त्वचा’ हा त्यांचा अर्थ नव्हे. माशांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ते टाळावे किंवा डॉक्टरांना आधी सांगावे. मावशींचा आक्षेप मात्र पूर्णपणे त्यांचा त्यांनी ठरवायचा आहे.

काही गटांत याच संदेशाला ‘एक्झोसोम’ची, म्हणजे पेशी बाहेर सोडतात त्या सूक्ष्म पिशव्यांची, शेपटी जोडलेली आली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषध नियामक संस्थेने, 2019 मध्ये या उत्पादनांविषयी जाहीर इशारा दिला होता आणि एकाही एक्झोसोम उत्पादनाला तिची मान्यता नाही. त्यामुळे ‘एफडीए मान्य’ असे लिहिलेले दिसले तर पुढे वाचण्यात वेळ घालवू नये.

स्कल्प्ट्रासारखी, पॉलि-एल-लॅक्टिक आम्ल असलेली औषधे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन, म्हणजे कोलॅजन, वाढवतात हे खरे. 2004 साली अमेरिकेत त्यांना पहिली मान्यता मिळाली ती एचआयव्हीग्रस्तांचे बसलेले गाल भरण्यासाठी. पण डोळ्यांखाली ती टोचत नाहीत, कारण तिथल्या त्वचेखाली गाठी होऊ शकतात. हायल्युरोनिक आम्लाचे फिलर बिघडले तर ते विरघळवणारे विकर (एन्झाइम) उपलब्ध आहे. या औषधांसाठी तसा उतारा नाही. संदेशात मात्र हे सारे ‘स्किन बूस्टर’ या एका शब्दात आले आहे.

आता काळ्या वर्तुळांकडे वळू, कारण खरी दिशाभूल तिथे आहे. खालच्या पापणीची त्वचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी एक असते. तिथला काळेपणा एका कारणाने येत नाही. कोणाच्या त्वचेतच रंगद्रव्य अधिक असते, आणि आपल्याकडे हे पिढीजात आढळते. कोणाची पातळ त्वचा खालच्या वाहिन्यांचा निळसर रंग दाखवते. कोणाच्या डोळ्याखाली खोलगट भाग असतो आणि तिथे पडते ती निव्वळ सावली, तर कोणाला सतत खाज येते, म्हणून ती व्यक्ती डोळे चोळत राहते. आरशासमोर दिव्याखाली उभे राहून हनुवटी वर करून पाहा. कडा पुसट झाल्या तर सावलीचा वाटा मोठा आहे, आणि रंग जसाच्या तसा राहिला तर रंगद्रव्याचा. ही ढोबळ खूण आहे, निदान नव्हे. पण रंगद्रव्याच्या काळेपणावर सुई टोचली तर काय होईल याचा विचार संदेशात नाही: आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर सुईच्या जखमेनंतर उलट अधिक काळे डाग राहू शकतात. सावली भरण्यासाठी फिलर उथळ टोचले गेले तर तिथे निळसर छटा दिसते, तीही वेगळीच डोकेदुखी.

‘सनस्क्रीनची गरज नाही’ हे वाक्य नागपुरात तरी कोणी लिहायला नको होते. नवतप्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा इथल्या मुली दुपट्ट्याने संपूर्ण चेहरा गुंडाळून स्कूटीवर निघतात, आणि उघडी राहते ती नेमकी डोळ्यांभोवतीची पट्टी, तीही झळांमुळे मिचकावलेली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये 900 हून अधिक प्रौढांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य, मर्जीनुसार लावणाऱ्यांच्या तुलनेत 24 टक्के कमी आढळले. हजारो रुपयांच्या सुईने वाढवलेले कोलॅजन व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर तोडायचे असेल, तर तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. गॉगल आणि सनस्क्रीन ही उपचारानंतर सोडायची वस्तू नाही. अनेकींना तेवढ्यानेच, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या रेटिनॉइडने (अ जीवनसत्त्वाच्या कुळातील क्रीमने), सुईची घाई उरत नाही.

पार्लरचा मुद्दा लहान आहे. सुई टोचणे हा वैद्यकीय उपचार आहे. तो नोंदणीकृत डॉक्टरने करायचा असतो आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा.

भिशीच्या गटात मी चार प्रश्न टाकले: द्रव्याचे नाव काय, किती मिलिलिटर, कोणत्या थरात, आणि खोका पाहायला मिळेल का? तीन दिवस कोणी काही लिहिले नाही. चौथ्या दिवशी एका वहिनींनी, ज्यांची तारीख ठरली होती, खोक्याचे छायाचित्र पाठवले. त्यावर कोरियन अक्षरे होती आणि एका माशाचे चित्र होते. आयातदाराचे नाव, पत्ता आणि आयात परवान्याचा क्रमांक या जागा शोधायला मी छायाचित्र मोठे करून चारही बाजूंनी पाहिले. तिथे फक्त किमतीचा स्टिकर होता.