‘गेमवर घातलेले पैसे कधीही परत मिळतात’ म्हणे!

शाळेच्या पालक ग्रुपवरून सोसायटीच्या ग्रुपवर, तिथून भिशीच्या ग्रुपवर असा फिरत फिरत एक मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला. मावशी सांगलीत विश्रामबागेला राहते, घरगुती भडंग करून विकते. तिच्या नववीतल्या चिरंजीवांनी तिच्याच फोनवरून एका गेममध्ये बाराशे रुपयांचे हिरे (गेममधल्या वस्तू घ्यायचं तिथलं चलन) घेतले होते, म्हणून तिला तो मेसेज देव भेटल्यासारखा वाटला. मला तो वाचून जे वाटलं ते इथं लिहिता येणार नाही. जे लिहिता येतं ते लिहितो.

हात जोडलेले इमोजी आणि झेंडे वगळले तर मेसेजचं म्हणणं असं: “गेमवर घातलेला प्रत्येक रुपया परत मिळतो. कितीही जुना असो, घाई नाही. ग्राहक कायद्यानं ३० दिवसांत रिफंड सक्तीचा आहे. स्टीमवर तर १४ दिवस पाहिजे तेवढं खेळा आणि गेम परत करा. परदेशात कोर्टानं कंपन्यांना पैसे वाटायला लावलेत. आता नवीन कायद्यानं ऑनलाइन गेमवर बंदी आली, त्यामुळे जुने पैसेही मिळणार. कंपनी ऐकत नसेल तर बँकेत ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं लिहून द्या, ३ दिवसांत पैसे जमा. कटकट नको असेल तर खालच्या नंबरवर फोन करा.” आणि खाली एक मोबाइल नंबर.

“कितीही जुना असो, घाई नाही.”

मावशीचं नुकसान याच वाक्यानं केलं. रिफंडच्या कामात सगळा खेळ वेळेचाच असतो. प्ले स्टोअरवरून गेममधली वस्तू घेतली, तर ४८ तासांच्या आत गूगलकडे रिफंड मागता येतो. मिळेलच अशी हमी नाही, पण मागता येतो. ४८ तास उलटले की गूगल तुम्हाला गेम बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवतं, आणि ती कंपनी तिच्या मर्जीनं ठरवते. मावशीला शनिवारी सकाळीच कळलं होतं. पण मेसेजमध्ये घाई नाही म्हटलंय, रविवारी लग्नाची भडंगाची ऑर्डर आहे, तर सोमवारी बघू, असं तिनं ठरवलं. सोमवारी संध्याकाळी फोन माझ्या हातात आला तेव्हा मुदत संपलेली होती.

करायचं होतं ते अगदी साधं. प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे आपल्या फोटोवर टिचकी मारून पैशांच्या विभागात गेलं की खरेदीची यादी निघते. नाहीतर जीमेलमध्ये पावती शोधायची, तिच्यावर ‘जीपीए’नं सुरू होणारा लांबलचक ऑर्डर नंबर असतो. मग गूगल प्लेच्या वेबसाइटवर त्या ऑर्डरसमोर रिफंड मागायचा. तिथं कारणांच्या यादीत ‘घरच्या माणसानं न विचारता खरेदी केली’ अशा अर्थाचं कारणही असतं. म्हणजे जे खरं घडलं तेच लिहायचं होतं, कुठलीही चलाखी लागत नव्हती. आयफोन असेल तर अ‍ॅपलचं ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ नावाचं वेगळं पान आहे, तिथं अर्ज करायचा. दोन्हीकडे माणूस मध्ये लागत नाही आणि फी लागत नाही.

आता गेम कंपनीला मेल टाकलाय. पण हिरे चिरंजीवांनी त्याच रात्री उडवून बंदुकीवर पिवळे वाघाचे पट्टे चढवले होते, आणि वापरून झालेली वस्तू परत घ्यायला कुठलीही कंपनी सहसा तयार होत नाही. तेव्हा त्या बाराशेची आशा मी तरी धरलेली नाही.

“ग्राहक कायद्यानं ३० दिवसांत रिफंड सक्तीचा.”

हे अर्धं खरं आहे, आणि कबूल करताना मला आनंद होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ३० दिवसांचा उल्लेख खरोखर आहे. पण तो आहे सदोष माल परत न घेण्याबद्दल आणि सेवेतल्या त्रुटीबद्दल. अशा वेळी बिलावर लिहिलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवसांत. विकत घेतलेला गेम सुरूच होत नाही, पैसे कापले गेले पण वस्तू आली नाही, अशा तक्रारीला या कलमाचा आधार आहे. ‘पोरानं घेतला’ किंवा ‘दोन दिवसांत कंटाळा आला’ याला नाही. खरी तक्रार असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथूनच दावा लावता येतो, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मेसेजवाल्याला लिहायचंच होतं तर हे लिहायचं होतं.

“स्टीमवर १४ दिवस पाहिजे तेवढं खेळा.”

स्टीम म्हणजे कॉम्प्युटरवरचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान. १४ दिवस बरोबर, ‘पाहिजे तेवढं’ साफ खोटं. स्टीमनं रिफंडची ही पद्धत जून २०१५ मध्ये आणली. तेव्हापासून नियम तोच आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत मागा, आणि गेम २ तासांपेक्षा कमी खेळलेला असू द्या. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. गेम चालू ठेवून तुम्ही जेवायला गेलात तरी तो वेळ धरला जातो. आगाऊ नोंदवलेला गेम बाजारात येण्याआधी केव्हाही रद्द करता येतो. खेळातली चीटिंग पकडणाऱ्या यंत्रणेनं तुम्हाला त्या गेममध्ये बंदी घातली असेल तर त्या गेमचा रिफंड विसरा. आणि स्टीमनं नियमात स्पष्ट लिहिलंय की ही सोय फुकट गेम खेळण्यासाठी नाही, कुणी वारंवार तसा वापर करताना दिसलं तर ती बंद होऊ शकते. उलट एक गोष्ट ते खुशाल चालू देतात, आणि ती मेसेजमध्ये नाही: गेम घेतला आणि लगेच सेल लागला, तर जुना परत करून स्वस्तात पुन्हा घेतला तरी तो गैरवापर धरत नाहीत.

बाकीची दुकानं थोडक्यात. एपिकवर साधारण हेच, १४ दिवस आणि २ तास. प्लेस्टेशनवर १४ दिवस, पण डाउनलोड सुरू केलात की हक्क गेला, गेमच बिघडलेला असेल तर गोष्ट वेगळी. ‘खेळून परत करा’ हे जिथं जवळपास लागू पडतं ते दुकान म्हणजे जीओजी. तिथं २०२० पासून खेळलेल्या गेमलाही ३० दिवसांची मुदत आहे. त्याचं नाव मात्र मेसेजमध्ये शोधून सापडत नाही.

“परदेशात कोर्टानं पैसे वाटायला लावले,” आणि “नवीन कायद्यानं बंदी.”

ऑस्ट्रेलियात स्टीमच्या कंपनीला, म्हणजे वाल्व्हला, डिसेंबर २०१६ मध्ये तिथल्या कोर्टानं ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. ‘रिफंड मिळणार नाही’ असं तिथल्या ग्राहकांना सांगणं त्यांच्या कायद्यात बसत नव्हतं म्हणून. फोर्टनाइटवाल्या एपिकला अमेरिकेत २०२२ मध्ये २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत करायचं मान्य करावं लागलं, तेही तिथल्या ग्राहकांपुरतं. वाचायला छान आहे. त्यातून मिरजेच्या माणसाला एक रुपया येत नाही.

राहिला २०२५ चा कायदा. तो पैसे लावून खेळायच्या खेळांवर आहे. पैसे टाका आणि जास्त पैसे जिंकायची आशा धरा, अशा रमी वगैरेच्या अ‍ॅप्सवर. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे गेम त्यानं वेगळे काढलेत. हिरे, कपडे, बंदुकीचे रंग विकत घेणं ही पैज नव्हे, आणि त्यांचे पैसे सरकार परत देईल असं त्या कायद्यात कुठंही नाही. रमीच्या अ‍ॅपमध्ये अडकलेली शिल्लक हा निराळा विषय, तो पोरांच्या गेममध्ये कालवू नका.

“बँकेत ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं लिहून द्या.”

इथं माझा संयम सुटतो. खोटं बोलायला सांगताय, तेही बँकेत, लेखी, आणि बायाबापड्यांना.

हे ‘३ दिवस’ कुठून आले ते सांगतो. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं एक परिपत्रक आहे, ग्राहकाच्या परवानगीशिवाय झालेल्या ऑनलाइन व्यवहारांबद्दलचं. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुणीतरी डल्ला मारलाय, आणि ग्राहकानं ३ कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकावर त्या नुकसानीचा बोजा पडत नाही. म्हणजे ३ दिवस आहेत ते आपण कळवण्याचे. बँकेनं ती रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची ती कळवल्यापासून १० कामाच्या दिवसांत, आणि तक्रार निकाली काढायची ९० दिवसांच्या आत. मेसेजवाल्यानं आकडा उचलला आणि अर्थ उलटा केला.

त्याच परिपत्रकात पुढं काय आहे तेही वाचा. ग्राहकानं स्वतः पिन किंवा पासवर्ड कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचंच. मावशीच्या घरात पिन कुणाला माहीत नाही? चार आकडे, आणि तेही लेकाच्या वाढदिवसाचे. व्यवहार तिच्याच फोनवरून, तिच्याच सिमवरून, बरोबर पिन टाकून झालेला. बँकेला हे सगळं दिसतं. मग ‘मी केलाच नाही’ला उत्तर येणार की तुमच्या फोनवर तुमचाच पिन पडलाय. पैसे तर नाहीतच, वर खोटी तक्रार आपल्या नावावर. उद्या खरोखर कुणी खातं साफ केलं, तर हीच बाई पुन्हा त्याच टेबलापुढं उभी राहणार.

आणि बँकेनं ऐकलंच समजा, तरी? दुकानाला न विचारता बँकेतून पैसे ओढून घेतले की दुकान गप्प बसत नाही. स्टीम असा वाद निघाला की खात्यावर बंधन घालतं. बाराशे सोडवायला जाऊन अख्खं खातंच अडचणीत.

“खालच्या नंबरवर फोन करा.”

मेसेजमधलं बाकी सगळं या एका ओळीसाठी लिहिलंय असं मला वाटतं. मावशीनं मला विचारायच्या आधी तिथं फोन केला होता. माणूस अतिशय गोड बोलणारा. “मॅडम, तुमचा रिफंड अ‍ॅप्रूव्ह झालाय.” गेमचं नाव न विचारता! मग म्हणे एक अ‍ॅप टाका, आम्हाला तुमची स्क्रीन दिसली की फॉर्म आम्हीच भरतो. आणि शेवटी, “पैसे घ्यायला यूपीआय पिन टाकावा लागेल.” ती अ‍ॅप शोधत असतानाच मी घरात शिरलो. तिला एवढंच विचारलं, “दिवसभर भडंगाचे पैसे येतात, तो काउंटरवरचा डबा ‘प्राप्त झाले’ म्हणून ओरडतो. त्यासाठी तू कधी पिन टाकलायस?”

ती थांबली. मग फोनवरच्या त्या इसमाला तिनं मिरजेच्या माहेरच्या भाषेत जे सुनावलं ते ऐकून मला समाधान वाटलं.

यूपीआय पिन पैसे पाठवायला लागतो. घ्यायला लागत नाही, कधीच नाही. स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगणारा माणूस ओटीपी वाचायला बसलेला असतो. गूगल, अ‍ॅपल, स्टीम, कुणाचाही रिफंड ज्या मार्गानं पैसे गेले त्याच मार्गानं नाहीतर त्यांच्याच वॉलेटमध्ये येतो. त्यासाठी कुणा ‘आमच्या माणसा’ला तुमचा खाते क्रमांकसुद्धा लागत नाही. कुणाचे पैसे त्या नंबरवर गेलेच असतील तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा. तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर फोन कराल तितके पैसे वाटेत अडवले जायची शक्यता जास्त.

घरात पोरं फोन घेत असतील तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीआधी ओळख पटवायची सोय आहे, ती प्रत्येक खरेदीसाठी चालू करा. आणि यूपीआय पिन बदला. वाढदिवस ठेवू नका.

भिशी ग्रुपवर हा मेसेज ज्यांनी टाकला त्या काकू भल्या आहेत, मी त्यांना ओळखतो, त्यांच्याविषयी काही म्हणणं नाही. पण तो नंबर अजून तिथंच आहे. पाठवणाऱ्याला सगळ्यांसाठी डिलीट करायची मुदत दोन-अडीच दिवसांचीच असते, ती उलटली असेल. ग्रुप अ‍ॅडमिनला मात्र कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. मेसेज दाबून धरा, डिलीट म्हणा, झालं. आज रात्रीच करा.