‘तेलाआधी तिथे फक्त तंबू होते’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. डावीकडे उंट आणि तंबू, उजवीकडे बुर्ज खलिफा आणि खाली मजकूर. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: तेल सापडायच्या आधी दुबई, मस्कत, जेद्दा इथे नुसती वाळू आणि तंबू होते. बांधायला दगड-लाकूडच नव्हतं, त्यामुळे स्वतःची वास्तुकला नाही. वाऱ्याचे मनोरे म्हणजे अरबांनी शोधलेला जगातला पहिला एसी. भारताशी संबंध आला तो नोकऱ्या निघाल्या तेव्हा. आणि आज जे ‘जुनं शहर’ म्हणून दाखवतात ते सगळं टुरिस्टांसाठी बांधलेलं नकली.

आता वास्तुकलाच नाही म्हणता आणि पुढच्याच ओळीत जगातला पहिला एसी त्यांच्या नावावर करता, हे कसं काय जमतं ते लिहिणाऱ्यालाच माहीत. असो, एकेक घेऊ.

तंबू. तंबू आतल्या वाळवंटातल्या बदूंचे, म्हणजे भटक्या अरब टोळ्यांचे. बंदरातला माणूस व्यापारी, नाखवा, खलाशी नाहीतर मोती काढणारा पाणबुड्या, तो तंबूत कशाला राहील? दुबईत तेल सापडलं १९६६ ला, आणि तिथला अल फहिदी किल्ला आहे १७८७ चा. १९०९ मध्ये दुबईत पोस्ट ऑफिस उघडलं, तेही भारतीय पोस्टाचं, आता तंबूंच्या वस्तीला पोस्ट ऑफिस कोण देतं सांगा. मस्कतच्या बंदराच्या तोंडावर जलाली आणि मिरानी असे दोन किल्ले समोरासमोर उभे आहेत, त्यांचं आजचं रूप साधारण १५८० च्या दशकात पोर्तुगीजांनी दिलेलं, आणि ओमानचं तेल निर्यात व्हायला लागलं १९६७ ला. जेद्दा तर इ.स. ६४७ पासून मक्केचं बंदर. भोवती चांगला तट होता, वेशी होत्या, तो तट पाडला १९४७ मध्ये.

एक मात्र खरं, सगळे काही वाड्यात राहत नव्हते. गरीब माणसांची घरं खजुराच्या झावळ्यांची असायची, दुबईत साठच्या दशकापर्यंत अशा वस्त्या होत्या. पण झावळ्यांचं घर म्हणजे तंबू नव्हे, कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

दगड-लाकूड नव्हतं हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण खरी गंमत तिथेच आहे. दगड होता, पण तो डोंगरात नाही तर समुद्रात. जेद्दाची जुनी घरं तांबड्या समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाची आहेत. हा दगड हलका, सच्छिद्र, कापायला सोपा, पण भार पेलायला कच्चा आणि खारट हवेत झिजणारा. मग चार-पाच मजले कसे चढवले? भिंतीत ठराविक उंचीवर आडव्या लाकडी पट्ट्या घातल्या, म्हणजे वरचं वजन एका जागी न बसता सगळीकडे पसरतं, आणि बाहेरून चुन्याचा गिलावा. गिलाव्याकडे दुर्लक्ष झालं की घर गेलंच समजा.

आणि लाकूड यायचं जहाजाने. मलबारचं सागवान दारं-खिडक्यांना आणि गलबतांना. छताला पूर्व आफ्रिकेतून, लामू आणि रुफिजीच्या खाडीतून आणलेले खारफुटीचे वासे. हे वासे फार लांब मिळत नाहीत, त्यामुळे आखातातल्या जुन्या घरांत खोली लांबीला कितीही असली तरी रुंदीला साधारण तीन-साडेतीन मीटरवर थांबते, मग घर श्रीमंताचं असलं तरी! म्हणजे खोली केवढी करायची हे आफ्रिकेतल्या झाडाने ठरवलं, अशी घरं ‘वास्तुकला नाही’ या खात्यात कशी टाकायची मला तरी कळत नाही.

जेद्दाचं नसीफ यांचं घर बघा. १८७२ ला सुरू होऊन १८८१ ला पूर्ण झालं, १०६ खोल्या, जिना इतका रुंद आणि पायऱ्या इतक्या बुटक्या की सामान लादलेली जनावरं वरपर्यंत न्यायचे असं सांगतात. १९२५ मध्ये जेद्दा ताब्यात आल्यावर सौदी अरेबियाचा संस्थापक राजा अब्दुलअझीझ इथेच उतरला होता. दारात एक झाड आहे, कडुनिंबाचं, आणि जुन्या गावात तेव्हा झाड म्हणजे जवळजवळ तेवढंच, म्हणून ‘झाडवालं घर’ म्हटलं तरी पत्ता लागायचा. या घरांना रस्त्यावर पुढे आलेल्या लाकडी जाळीच्या खिडक्या असतात, त्यांना रोशन म्हणतात. आत बसून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतलं दिसत नाही, वारा खेळता राहतो, आणि त्याच वाऱ्यात पाण्याचे मातीचे कुजे ठेवले की पाणी गार.

आता तो पहिला एसी. वारा पकडायची युक्ती इराणात, इजिप्तमध्ये जुनी आहे, सिंधमधलं हैदराबाद तर छपरावरच्या वाऱ्याच्या झडपांसाठीच प्रसिद्ध होतं. दुबईतले मनोरे आणले ते समोरच्या इराणी किनाऱ्यावरच्या बस्तक, लिंगे भागातल्या व्यापाऱ्यांनी. इराणने जकात वाढवली आणि दुबईच्या शेखने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदर करमुक्त केलं, मग ही मंडळी इकडे आली, त्यांच्या मोहल्ल्याचं नावच बस्तकिया. मनोरा चारी बाजूंनी उघडा, आत फुलीसारखी आडभिंत, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी एका कप्प्यातून खाली खोलीत उतरतो आणि गरम हवा दुसऱ्या कप्प्यातून वर जाते. हुशारीचं काम आहेच, पण एसी नव्हे, वारा पडला की सगळे गच्चीवर झोपायला.

भारताशी संबंध नोकऱ्या निघाल्यावर, म्हणजे १९७० नंतर? अहो, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात होर्मुझहून घोडा घेऊन निघाला तो मस्कतवरून येऊन उतरला कुठे, तर आपल्या चौलला! अरबी घोड्यांवर दख्खनची सैन्यं चालायची आणि ते चौल, दाभोळला उतरायचे. आखाताचे मोती विकले जायचे मुंबईत. रुपया तर तिथलं रोजचं चलन, रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटाच काढल्या, १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केल्यावर मग तिकडच्यांनी हात झटकले, ओमानमध्ये तर १९७० पर्यंत चालल्या. बरं, सगळं गोडीगुलाबीचंही नव्हतं. १६५० मध्ये ओमानींनी पोर्तुगीजांना मस्कतमधून हाकललं आणि मग त्यांच्या मागे इकडे येऊन १६६८ ला दीव लुटलं, १६७४ ला वसईच्या किल्ल्याबाहेरची चर्चेस लुटली. मस्कत पडण्यामागे नरोत्तम नावाच्या वाण्याचा हात होता अशी गोष्ट ओमानी इतिहासकार इब्न रुझैकने लिहून ठेवलीय. पोर्तुगीज अधिकारी त्याची मुलगी मागत होता, याने जुनी बंदुकीची दारू, धान्य, पाणी बदलून देतो म्हणून किल्ल्यातला साठा रिकामा केला आणि तिकडे इमामाला, म्हणजे ओमानच्या राज्यकर्त्याला कळवलं. खरी किती, तिखटमीठ किती ते जाऊ दे, पण सतराव्या शतकातल्या मस्कतच्या गोष्टीत वाणी असणं कोणाला नवल वाटलं नाही हे बघा.

राहिलं ‘सगळं नकली’. इथे फॉरवर्ड थोडा बरोबर आहे, दुबईपुरता. १८९६ चा, दुबईचे जुने शासक शेख सईद यांचा वाडा १९८० च्या दशकात जवळजवळ नव्याने बांधलाय, बस्तकियाचा मोठा भाग पाडला गेला आणि उरलेला गुळगुळीत करून ठेवलाय, मला स्वतःला ते जरा जास्तच स्वच्छ वाटतं. पण हे असं का झालं? तेलामुळेच. पैसा आला आणि पहिला बुलडोझर फिरला तो जुन्या घरांवर. कुवेतचा मातीचा तट १९२० ला बांधला आणि १९५७ ला पाडला, वेशी तेवढ्या ठेवल्या. म्हणजे फॉरवर्ड सांगतोय त्याच्या बरोबर उलटं, शहरं आधीपासून होती, तेलाने त्यातली बरीचशी खाल्ली.

तरी सगळं गेलेलं नाही. बहरीनच्या मुहर्रकमध्ये मोत्यांच्या धंद्याच्या १७ इमारती, समुद्रातले शिंपल्यांचे तीन पट्टे, किनाऱ्याचा तुकडा आणि बू माहिरचा किल्ला असं सगळं मिळून २०१२ ला युनेस्कोच्या यादीत गेलं. त्यात नाखव्याचं घर आहे, पाणबुड्याचं आहे, बड्या व्यापाऱ्याचंही आहे, एकाच धंद्यातली वरपासून खालपर्यंतची घरं. जेद्दाचं जुनं गाव २०१४ ला यादीत आलं. फॉरवर्डमध्ये फोटो टाकायचाच असेल तर यातला एखादा टाका, उंट कशाला?